घरी फोटो प्रिंट करायचाय? प्रिंटर घेण्याआधी हे समजून घ्या

गेल्या पावसाळ्यात शेवगावहून मामेभावाचा फोन आला. आजीला जाऊन सात दिवस झाले होते. दशक्रियेला फ्रेम लावायची होती आणि घरात तिचा धड एकही फोटो नव्हता. म्हणजे फोटो होते, शेकड्यांनी होते, पण सगळे दहा जणांच्या मोबाईलमध्ये विखुरलेले आणि एकमेकांना फॉरवर्ड केलेले. त्याचा प्रश्न साधा होता. "दादा, घरीच एखादा चांगला प्रिंटर घेऊन टाकू का? पोरांच्या शाळेच्या कामालाही होईल."

हा प्रश्न आता बऱ्याच घरांत पडतो. ३६ फोटोंचा रोल धुवायला टाकून आठ दिवस वाट बघायचे दिवस गेले. आता फोटो लगेच दिसतो, पण हातात येत नाही. तालुक्याच्या गावात पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत मिळतो. चांगल्या कागदावरची मोठी प्रिंट हवी असेल, तर काम बऱ्याचदा नगरच्या (आता कागदोपत्री अहिल्यानगरच्या) किंवा संभाजीनगरच्या लॅबकडे जातं. मग वाटतं, मशीनच घरी आणलं तर?

आणता येतं. पण दुकानात जाऊन "फोटो निघतो का?" असं विचारलं, तर प्रत्येक प्रिंटरबद्दल उत्तर "निघतो की!" असंच मिळेल. म्हणून आधी थोडं समजून घेऊ.

आधी फोटो बघा, मग प्रिंटर

प्रिंट खराब आली की आपण प्रिंटरला नावं ठेवतो. अनेकदा दोष फाईलचा असतो.

हातात धरून बघायच्या फोटोला एका इंचात साधारण ३०० पिक्सेल असले की तो स्वच्छ दिसतो. म्हणजे ४ बाय ६ इंचाच्या फोटोला १,२०० × १,८०० पिक्सेल पुरतात, जेमतेम २२ लाख पिक्सेल, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. ए-फोर आकाराला २,४८० × ३,५०८ लागतात, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलच्या आसपास. आजचा कुठलाही मोबाईल इतकं सहज देतो. त्यामुळे ५० आणि १०८ मेगापिक्सेलच्या जाहिराती घरच्या प्रिंटसाठी विसरून जा.

अडचण होते ती फोटो एका मोबाईलमधून दुसऱ्यात जाताना. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला, की त्याची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर येते. ४ बाय ६ ला ते चालतं, इंचाला २६६ पिक्सेल पडतात. तोच फोटो ८ बाय १२ च्या फ्रेमसाठी मोठा केला, की इंचाला १३३ उरतात. भिंतीवर टांगून चार-पाच फुटांवरून बघायचा असेल तर हेही खपून जातं. पण कुणाचा डीपी सेव्ह करून त्याची फ्रेम करायला निघालात, तर तिथे साधारण ६४० पिक्सेलच असतात. ८ इंच रुंदीला इंचामागे फक्त ८०. डोळे, ओठ, साडीचा काठ, सगळं मेणासारखं वितळलेलं दिसतं.

(श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तोच डीपी चालून जातो, याचं कारण फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून बघितला जातो. जवळ जाऊन बघा, ठिपकेच ठिपके दिसतील.)

म्हणून ज्याने फोटो काढला त्यालाच गाठा आणि मूळ फाईल मागा. व्हॉट्सॲपवरच पाठवायची असेल, तर फोटो म्हणून न पाठवता "डॉक्युमेंट" म्हणून जोडायला सांगा. मग फाईल जशीच्या तशी येते. गुगल फोटोजमध्ये "स्टोरेज सेव्हर"वर ठेवलेला फोटोही प्रिंटला चालतो, कारण तिथली मर्यादा १६ मेगापिक्सेलची आहे.

आमच्याकडे हेच झालं. मामेभावाकडचा फोटो कुणीतरी स्टेटसवरून स्क्रीनशॉट घेतलेला होता. मूळ फोटो निघाला पुण्याच्या आतेबहिणीकडे, एका लग्नात काढलेला. दोन्ही शेजारी ठेवले, तर आजीच्या कपाळावरचं गोंदण पहिल्यात नुसता डाग होता आणि दुसऱ्यात गोंदण होतं.

फोटो "एआयने क्लिअर" करून देणाऱ्या ॲपबद्दलही इथेच सांगतो. ही ॲप फोटोत नसलेली माहिती शोधून आणत नाहीत, अंदाजाने बनवतात. सुरकुत्या घासून काढतात, गोंदण डाग समजून पुसतात, डोळे दुसऱ्याच कुणाचे तरी वाटावेत असे तेजस्वी करतात. निसर्गाच्या फोटोला चालेल. गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तरी वापरणार नाही.

जुना कागदी फोटोच हाती असेल, तर मोबाईलने त्याचा फोटो काढण्यापेक्षा स्कॅन करा. २ बाय ३ इंचाचा छोटा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला, की १,२०० × १,८०० पिक्सेल मिळतात, म्हणजे बरोबर ४ बाय ६ ची चांगली प्रिंट. हा हिशेब लक्षात ठेवा, प्रिंटर निवडताना कामाला येईल.

कोणत्या जातीचा प्रिंटर?

लेझर प्रिंटर फोटोसाठी नको. तो टोनरची भुकटी उष्णतेने कागदावर वितळवतो. मजकुराला उत्तम, पण चेहऱ्यावरच्या मऊ छटा त्याला जमत नाहीत. शिवाय इंकजेटचा चकचकीत फोटोपेपर लेझरमध्ये घातलात, तर कागदावरचा लेप आतल्या गरम रोलरला चिकटून मशीन बिघडू शकतं.

खिशात मावणारे छोटे प्रिंटर दोन प्रकारचे असतात. झिंक नावाच्या तंत्रात शाई नसतेच, कागदातच रंगाचे स्फटिक असतात आणि उष्णतेने ते उमटतात. इन्स्टॅक्समध्ये खरीखुरी फिल्म असते. वाढदिवसाला मजा येते, पण अल्बम किंवा फ्रेमचं काम यांच्याकडून होत नाही.

उरतात दोन खरे पर्याय.

एक म्हणजे डाय-सब्लिमेशन. कॅननचा सेल्फी सीपी१५०० हे त्याचं घरगुती उदाहरण. यात रंगाची रिबन असते. कागद चार वेळा आत-बाहेर होतो: पिवळा, गुलाबी, निळा आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर. फोटो बाहेर येतो तो कोरडाच, हाताळायला तयार, आणि पाण्याचा थेंब पडला तरी पुसता येतो. कागद आणि रिबन एकाच पाकिटात मोजून येतात, १०८ फोटोंचा कागद आणि तेवढीच शाई. त्यामुळे एका फोटोचा खर्च पहिल्या दिवशीच कळतो. सर्वांत मोठा फायदा हा की यात सुकायला शाईच नाही. सहा महिने कपाटात ठेवून काढला तरी चालतो. वेगळी बॅटरी घेतली तर लाइट नसतानाही चालतो. मर्यादा एकच, पण मोठी: पोस्टकार्डाएवढ्या, म्हणजे जवळपास ४ बाय ६ पेक्षा मोठा फोटो निघत नाही आणि साध्या कागदावर शाळेचा प्रोजेक्टही निघत नाही.

दुसरा पर्याय इंकजेट, आणि त्यातही आता इंक टँक. बाटलीतून शाई भरायचे हे प्रिंटर आल्यापासून कार्ट्रिजच्या किमतीची धास्ती गेली. कार्ट्रिजवाला स्वस्त प्रिंटर "पाच हजारात मिळतोय" म्हणून घेऊ नका. फोटोत पूर्ण कागद शाईने भरतो आणि छोटं कार्ट्रिज बघता बघता रिकामं होतं.

चार रंग की सहा रंग?

दुकानदार हे सहसा आपणहून सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली देवादिकांची चित्रं आपल्याकडे घरोघरी गेली. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला हा छापखाना दगडावरून छापायचा, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. लक्ष्मीच्या गालावरची छटा हळुवार हवी, तर हलक्या रंगांचे दगड वाढवावे लागत. घरच्या प्रिंटरचंही तत्त्व असंच आहे, फक्त दगडाच्या जागी शाईच्या टाक्या.

साध्या इंक टँकमध्ये चार शाया असतात: निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी. गोरी कातडी, फिकं आकाश किंवा पांढऱ्या सदऱ्याची सावली दाखवायची, तर गडद शाईचे ठिपके विरळ टाकावे लागतात, आणि निरखून बघितलं तर ते दिसतात. एप्सन एल८०५० सारख्या सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये फिकट निळी आणि फिकट गुलाबी अशा दोन शाया जास्त असतात, त्यामुळे छटा सलग वाटतात. कॅननने जी५७० आणि जी६७० मध्ये वेगळी वाट घेतली. तिथे जास्तीच्या शाया लाल आणि करड्या आहेत. करडीमुळे कृष्णधवल फोटोला हिरवट-तांबूस झाक कमी येते. घरात जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंचं गाठोडं असेल, तर हा मुद्दा महत्त्वाचा.

आणखी एक बारकावा. कॅननच्या जी मालिकेतल्या चार रंगांच्या मॉडेलांत आणि एचपी स्मार्ट टँकमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि बाकी तीन डायच्या. पिगमेंट म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण, डाय म्हणजे पूर्ण विरघळलेला रंग. पिगमेंटची काळी साध्या कागदावर अक्षरं टोकदार काढते, पण चकचकीत फोटोपेपरमध्ये मुरत नाही. म्हणून फोटो काढताना प्रिंटर तिला बाजूला ठेवून बाकी तीन रंग मिसळून काळा बनवतो. केसांचा काळा मग किंचित तपकिरी वाटतो. अल्बमला खपतो. शेजारी स्टुडिओची प्रिंट ठेवली की फरक कळतो.

आता तो स्कॅनचा हिशेब आठवा. एल८०५० आणि जी५७० या दोन्हींत स्कॅनर नाही, ते फक्त प्रिंटर आहेत. जी६७० मध्ये स्कॅनर आहे. चार रंगांच्या बहुतेक ऑल-इन-वनमध्ये असतोच. जुने फोटो वाचवायचे हे मुख्य काम असेल, तर दोन जादा रंगांपेक्षा स्कॅनर जास्त उपयोगी पडेल.

ऊन, धूळ आणि लाइट

पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूमध्ये हे येत नाही. शेवगावचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी आणि धूळ भरपूर. इंकजेटच्या हेडची छिद्रं केसापेक्षा बारीक असतात. महिना-दीड महिना प्रिंट काढली नाही, की शाई तिथेच सुकते आणि फोटोत आडव्या रेघा येतात. मग हेड क्लीनिंग करायचं, त्यात बाटलीतली शाई वाया जायची, आणि ती वाया गेलेली शाई प्रिंटरच्या आतल्या पॅडमध्ये साचायची. पॅड भरलं की मशीन थांबतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे: आठवड्यातून एकदा एक रंगीत पान काढा. पोरांचा अभ्यासच काढा, सगळे रंग वापरले गेले म्हणजे झालं. प्रिंटरवर कापड टाकून ठेवा.

आणि प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने कधीही बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, की हेड आपल्या जागी जाऊन टोपणाखाली बसतं. बोर्डावरून किंवा भारनियमनात मध्येच लाइट गेली, तर हेड उघडं राहतं, पेनाचं टोपण काढून ठेवल्यासारखं. लाइट आली की प्रिंटर चालू करा आणि नीट त्याच्या बटणाने बंद करा. इंकजेटला वीज फार लागत नाही, घरच्या इन्व्हर्टरवर तो आरामात चालतो. लेझर मात्र तापताना बरीच वीज ओढतो, त्याला इन्व्हर्टरवर लावू नका.

खरेदीआधी एक चौकशी नक्की करा: जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे, आणि माणूस घरी येतो की मशीन घेऊन जावं लागतं? नगर शेवगावपासून साठ-पासष्ट किलोमीटर. शाई भरलेला टँक प्रिंटर एसटीतून आडवा-तिडवा नेला, तर शाई सांडते. मामेभावाच्या ओळखीतल्या एकाने तो अनुभव घेतलाय, पिशवी आणि शेजारच्याचं धोतर दोन्ही गेलं.

कागदात कंजुषी नको

कागदाच्या पाकिटावर १८०, २३०, २६० असे जीएसएमचे आकडे असतात. तो वजनाचा आकडा आहे, दर्जाचा नव्हे. पासपोर्ट फोटोला आणि प्रोजेक्टला १८० चालतो. अल्बमसाठी २६० च्या आसपासचा, "आरसी" किंवा रेझिन कोटेड लिहिलेला घ्या. त्यात कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा थर असतो, तो कुरळा होत नाही आणि स्टुडिओच्या फोटोसारखा हाताला लागतो. स्वस्त कागदावर फक्त वरून चमक असते. बोट किंचित ओलं करून कोपऱ्याला लावा, चिकटली ती बाजू छापायची. उरलेला कागद पाकिटात बंद करून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

शाई कंपनीचीच वापरा असं मी सांगितलं की लोक हसतात. "लोकल" बाटली निम्म्या किमतीत मिळते हे खरं. पण रंगांचं गणित प्रिंटरने स्वतःच्या शाईसाठी मांडलेलं असतं. शाई बदलली की चेहरे लालसर किंवा हिरवट येऊ लागतात, फोटो लवकर विटतात आणि वॉरंटीचा वाद उभा राहतो. फक्त प्रोजेक्ट काढायचे असतील तर तुमची मर्जी.

सॉफ्टवेअर: महागडं काहीच लागत नाही

फोटोशॉपची गरज नाही. मोबाईलवर कंपनीचं ॲप पुरतं: एप्सन स्मार्ट पॅनल, कॅनन प्रिंट किंवा एचपीचं ॲप. घरी वायफाय राऊटर नसला तरी वायफाय डायरेक्टने मोबाईल थेट प्रिंटरला जोडता येतो. थोडा उजेड आणि रंग दुरुस्त करायला स्नॅपसीड मोफत आहे.

संगणक असेल तर गिंप किंवा इरफानव्ह्यू घ्या. गिंप पूर्ण मोफत, इरफानव्ह्यू घरगुती वापरासाठी मोफत. एका कागदावर अनेक फोटो मांडायला इरफानव्ह्यू झकास आहे. गावोगावच्या संगणकांवर अजून पिकासा दिसतं. गुगलने ते २०१६ मध्येच बंद केलं. चालतंय तोवर चालेल, पण नव्याने कुठून तरी डाऊनलोड करू नका.

आयफोनवाल्यांनी एक बघावं. त्यातले फोटो बऱ्याचदा एचईआयसी प्रकारचे असतात, जुना संगणक ते उघडत नाही. आधी जेपेगमध्ये बदलून घ्या.

प्रिंटची आज्ञा देताना जी खिडकी उघडते, तिथे तीन गोष्टी तपासा. कागदाचा प्रकार "प्लेन" वरून "ग्लॉसी" किंवा "फोटो पेपर" केला का? दर्जा "हाय" आहे का? आणि आकार खऱ्या कागदाशी जुळतो का? दहातल्या आठ खराब प्रिंट पहिल्या चुकीमुळे येतात, कारण प्लेन निवडलं की प्रिंटर वेगळ्याच हिशेबाने शाई टाकतो. रंगांचा ताबा सॉफ्टवेअरकडे द्यायचा की प्रिंटरकडे, असाही पर्याय कधी दिसतो. काहीही निवडा, पण एकाकडेच द्या. दोघांनी दुरुस्ती केली की रंग बिघडतात.

फोटो काळपट येतो ही नेहमीची तक्रार. पडदा स्वतः उजेड टाकतो, कागद टाकत नाही. मोबाईलचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो बघा. तिथेही चेहरा नीट दिसला तरच प्रिंट काढा.

आणि डोकी कापली जातात ती का? मोबाईलचा फोटो ४:३ प्रमाणात असतो, ४ बाय ६ चा कागद ३:२ मध्ये. ६ इंच लांबी भरली, की फोटोची दुसरी बाजू साडेचार इंच होते आणि कागद चारच इंचाचा. अर्धा इंच जातोच. ग्रुप फोटोत पहिल्या रांगेचे पाय किंवा मागच्या रांगेची डोकी. प्रिंटच्या आधी स्वतः क्रॉप करा, म्हणजे काय कापायचं हे तुम्ही ठरवाल.

पासपोर्ट फोटोचं गणित सोपं आहे. ३.५ × ४.५ सेंटिमीटरचे फोटो ४ बाय ६ च्या आडव्या कागदावर चारच्या दोन रांगांत, म्हणजे आठ बसतात, आणि कात्री चालवायला जागाही उरते.

परवडतं का?

समजा प्रिंटर १२,००० रुपयांचा. वर्षाला १०० फोटो, पाच वर्षं. ५०० फोटोंवर नुसत्या मशीनचा बोजा प्रत्येकी २४ रुपये, कागद-शाई वेगळी. आता समजा स्टुडिओ एका फोटोला १५ रुपये घेतो आणि तुमचा कागद-शाईचा खर्च ६ रुपये. फोटोमागे ९ वाचतात. मशीनचे पैसे निघायला १,३३३ फोटो काढावे लागतील.

म्हणजे फक्त अल्बमसाठी म्हणाल तर स्टुडिओच स्वस्त, आणि लॅबमधला रासायनिक कागदावरचा फोटो टिकतोही चांगला. मशीन परवडतं ते शाळेची पानं, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, जुन्या फोटोंचं स्कॅनिंग अशी कामं एकत्र आली की. मामेभावाला मी तेच सांगितलं: दोन पोरं शाळेत आहेत, पेटीभर जुने फोटो आहेत, तेव्हा स्कॅनरवाला चार रंगांचा इंक टँक घे. पण आजीची फ्रेम त्यावर नको.

एक तर फ्रेमच्या दुकानात नेहमीचा आकार ८ बाय १२ इंच, आणि ए-फोर कागद ११.७ इंचांचाच. आठ मिलिमीटरची फट राहते. ए-फोरची फ्रेम वेगळी मागून घ्यावी लागते. दुसरं, इंकजेटची ताजी प्रिंट दिसायला कोरडी असली तरी आतून ओलसर असते. निदान एक दिवस उघड्यावर ठेवूनच काचेत घालायची, आणि काच फोटोला टेकू नये म्हणून कडेने जाड पुठ्ठ्याची पट्टी द्यायची. नाहीतर काचेच्या आत दमट धुकं धरतं, किंवा फोटो काचेला असा चिकटतो की निघताना चेहरा घेऊनच निघतो. शिवाय फ्रेम रोजच्या उन्हाच्या कवडशात टांगली, तर डायची शाई विटते.

आतेबहिणीने मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली. मामेभावाने ती पेनड्राइव्हवर घेतली, सकाळच्या गाडीने नगरला गेला आणि संध्याकाळी ८ बाय १२ ची प्रिंट फ्रेमसकट घेऊन आला. इंक टँक त्यानंतर महिन्याने आला. सध्या त्यावर पेटीतल्या फोटोंचं स्कॅनिंग चालू आहे. आजोबांचा एक फोटो सापडलाय, बैलजोडीबरोबरचा, २ बाय ३ इंचाचा.